तीन भिंतींवरचा मोर

आमच्या बैठकीच्या भिंतीवर एक मोर होता. तो आत्यानं केलेला होता आणि घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा देखणा होता. यात मोराचं कौतुक थोडं आणि आमच्या घराण्याच्या नाकांचा दोष जास्त, पण ते असो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची एकुलती बहीण. नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि हिला एका ट्रंकेसकट माहेरी आणून सोडलं. आजी होती तोवर तिला कोणी काही बोललं नाही. आजीचं तेरावं झालं आणि थोरली काकू सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आता हिचं काय करा लागते?" आत्या तिथंच भाकरी थापत होती. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली आणि दुसरी घेतली. महाराष्ट्र नुकताच झाला होता, नांदुऱ्याकडच्या आमच्या गावात त्याचे पेढेही वाटून झाले होते, आणि आमच्या घरात एका बाईला कुठं ठेवायचं हे ठरत नव्हतं.

आजीच्या मागं राहिलेलं सामान फारसं नव्हतं. लग्नातलं हिरवं जरीचं लुगडं, आजोबांच्या कोटाची चांदीची बटणं, आणि तिन्ही मुलांच्या लहानपणच्या कुंच्या, कवड्या-मण्यांसकट. सुनांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. लुगडं घड्यांवर विरलं होतं म्हणून सोडून दिलं. बटणांवर तिघींचाही डोळा होता, पण एकमेकींच्या देखत कोणी हात घालेना. तेव्हा आत्या म्हणाली, "मले द्या. भितीवर लावाजोगतं कायीतरी होईन याचं." एकीला मिळण्यापेक्षा भिंतीला मिळालेलं बरं, म्हणून तिघीही हो म्हणाल्या.

तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. मी तिच्याच अंथरुणात झोपत असे आणि ती माझ्याशी सगळं बोलत असे. नवऱ्याच्या घरात तिनं काही वर्षं काढली, पण तिथल्या भिंतीवर तिचं म्हणावं असं काही नव्हतं, म्हणून तिला उचलून बाहेर ठेवणं त्यांना सोपं गेलं, असं तिचं ठाम मत होतं. "भितीवर आपलं कायी टांगलं असलं ना पोरी, मंग आपल्याले कोणी काढत नाही," ती म्हणायची. खुळी समजूत. त्या समजुतीवर तिनं अख्खा हिवाळा घालवला.

दुपारची भांडी आटोपली की ती ओसरीवर काळी मखमल पसरून बसे. आधी खळ लावून तुकडा चिकटवायचा, मग कडेनं बारीक टाका. लुगड्याच्या पदराचा पिसारा झाला, काठाची मान झाली. पिसांच्या टोकांना बटणं बसली, कवड्यांचे पाय झाले, कुंच्यांच्या मण्यांचा तुरा झाला. डोळ्याला मात्र काही केल्या जमेना. शेवटी तिनं आपल्या गळ्यातल्या पोतीतला एक काळा मणी काढून तिथं बसवला. "त्या माणसाचा तेवढा तरी उपयोग," म्हणाली आणि हसली. नांदुऱ्यात देवांच्या तसबिरी मढवणाऱ्याकडून काच आणि चौकट करून आणली, आणि मोर बैठकीत चढला.

तो लोकांना आवडला, इतका की आत्याचा राहिला नाही. थोरल्या काकांच्या मुलीला बघायला मलकापूरकडचे पाहुणे आले. पोरीच्या हातचं काही आहे का, असं त्यांनी विचारलं तशी काकूनं बेधडक मोराकडे बोट केलं. पाहुण्यांतली म्हातारी हुशार होती. पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या आत्याकडे बघून ती म्हणाली, "तुमीच शिकवलं असन हिले."

"नाही जी," आत्या म्हणाली, "मले तं सुईबी धरता येत नाही. पोरीच्याच हातचा हाय."

माझी चुलत बहीण खाली मान घालून लाजली. लाजण्याचं सोंग तिला फार छान जमायचं. लग्न ठरलं, आणि काकूनं बक्षीस म्हणून उरलेले पोहे आत्याच्या पुढ्यात सरकवले. आत्यानं ते आनंदानं खाल्ले, याचाच मला आजही सगळ्यांत जास्त राग येतो.

लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच सुनांची चूल एक राहिना. वाटण्या करायला आजीच्या भावाला बोलावलं. त्यांना सगळे मामाजी म्हणत. वावर वाटून झालं, बैल वाटून झाले, भांडीकुंडी झाली, आणि शेवटी मोर राहिला. तो तिघींनाही हवा होता. थोरली म्हणे, माझ्या पोरीचं लग्न त्याच्यावर जमलं. धाकटी म्हणे, बटणं सासऱ्यांनी मला द्यायची कबूल केली होती. माझी आई म्हणे, बैठक आमच्या वाट्याला आली तर बैठकीतलं आमचंच. आवाज चढले. मामाजी सकाळपासून बसून कावले होते. ते म्हणाले, "आयका. हा मोर ज्याच्या भितीवर, बहीण त्याच्या घरात. झालं?"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मग थोरली काकू म्हणाली, "मान वाकडीच हाय त्याची."

"जुन्या कपड्याले कसर लागते," धाकटी म्हणाली. "लेकराबाळाचं घर हाय आमचं."

माझी आई भिंतीकडे बघत म्हणाली, "आमच्या भितीले वल येते."

ज्या मोरासाठी आत्ताच एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी होत्या, तो कोणाच्याच घरात मावेना. माझे वडील गावात न्यायी म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी तोड काढली. "तीन भाग करू," ते म्हणाले. "मोराचेबी, अन् तिचेबी. चार-चार महिने." मामाजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. वडील स्वतः उठून कात्री घेऊन आले आणि चौकट उघडायला लागले.

आत्या पुढं आली. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर कात्री हिसकावून घेईल. ती म्हणाली, "थांब रे दादा. अशानं जरी उसवन. पयले दोन्हीकून टाके घालू दे." ती खाली बसली आणि जिथं कापायचं होतं तिथं दोन्ही बाजूंनी तिनं टाके घातले. तोवर बाकीच्यांनी चहा घेतला. मग वडिलांनी कापला.

थोरल्यांकडे डोकं गेलं, धाकट्यांकडे पिसारा, आणि आम्हाला पोट आणि पाय आले. आमच्या भिंतीवर कवड्यांचे दोन पाय लोंबत. हे काय म्हणून कोणी विचारलं की वडील सांगत, "कोंबडी होती, पाहुण्यायनं खाल्ली." सगळे हसत. आत्याही हसे.

अखजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पोळ्यापर्यंत आत्या आमच्याकडे, पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत थोरल्यांकडे, आणि तिथून पुन्हा अखजीपर्यंत धाकट्यांकडे. एकाच अंगणात तीन दारं होती. ती आपली ट्रंक उचलून एका दारातून निघे आणि दुसऱ्यात शिरे. आणि मग ज्येष्ठात अधिक महिना आला.

माझ्या आईचा हिशेब पक्का होता. ती म्हणाली, "चार महिने ठरले व्हते. हा महिना वाटणीत नव्हता." थोरली काकू म्हणाली, पोळा आल्याशिवाय मी दार उघडत नाही. धाकटी म्हणाली, आमची पाळी कधीचीच सरली. वडिलांनी पंचांग उघडून नीट पाहिलं आणि हा महिना कोणाचाच नाही असा निकाल दिला. आईनं ट्रंक अंगणात नेऊन ठेवली. तो महिनाभर आत्या गोठ्यात राहिली.

अधिक महिना म्हणजे जावयांचा महिना. तिन्ही घरांत अनारसे व्हायचे होते, आणि आत्यासारखे जाळीदार अनारसे कोणालाच येत नव्हते. तेव्हा तळायला तिला तिन्ही दारं उघडी होती. तळून झाले की ती आपली थाळी घेऊन गोठ्यात जाऊन जेवत असे.

थोरल्यांचा जावई बायकोला घेऊन आला. भिंतीवर नुसतं मोराचं डोकं बघून तो चकित झाला. "बाकीचा कुठं गेला? माही माय अजून त्या मोराचं नाव काढते." काकू जरा गडबडली, पण तिची जीभ कधी अडली नाही. "धुवाले काढला होता, जावईबापू. तुमालेच द्याचा हाय वाणात." त्या संध्याकाळी तिन्ही भिंतींवरचे तुकडे गोठ्यात पोचले. कोणी कुरकुर केली नाही, कारण जावयाला रिकाम्या हातानं पाठवता येत नव्हतं आणि नवं काही घेणं परवडत नव्हतं.

आत्या दोन दिवस शिवत बसली. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. शिवता शिवता ती मधेच मला जवळ ओढून माझी वेणी घालून देई. मला वाटलं, मोर पुन्हा एक झाला म्हणून ही खूश आहे. सांधा कुठं होता ते हात फिरवूनही कळत नव्हतं.

निघायच्या दिवशी बैलांची दमणी जुंपून तयार होती. नांदुऱ्याच्या स्टेशनवर जायचं होतं. अनारशांचं ताट ठेवून झालं, मोर कापडात गुंडाळून बहिणीच्या मांडीवर दिला. तेवढ्यात आत्या गोठ्यातून आली. धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर ट्रंक घेऊन. तिनं ती दमणीत ठेवली आणि स्वतः चढायला लागली.

"हे काय वं?" काकू म्हणाली. "कुठं जाऊन राह्यली?"

"मोरासंग," आत्या म्हणाली. "मामाजीनं सांगतलं होतं ना. मोर ज्याच्या भितीवर, मी त्याच्या घरात."

ती थट्टा करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर शंका म्हणून नव्हती. सगळ्यांत आधी माझे वडील हसले, मग काका, मग जावई खो-खो हसायला लागला. माझी चुलत बहीण तेवढी हसली नाही. तिनं मोर छातीशी धरला आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिथं तुले कोण म्हणून नेऊ, आत्या? मोर तं म्या केला हाय."

आत्याचा पाय पायरीवर होता. तो तिनं खाली घेतला. गाडीवानानं ट्रंक उचलून तिच्या पायाशी ठेवली आणि दमणी निघाली. फाटकाबाहेर वळेपर्यंत जावयाचं हसू ऐकू येत होतं.

सगळे आपापल्या दारांत शिरले. आत्या अंगणात उभी राहिली. जरा वेळानं तिनं माझ्या आईला विचारलं, "हा महिना सराले अजून किती दिवस हायत, वयनी?"

"हायत अजून," आई म्हणाली आणि दार लोटून घेतलं.