बाटलीतलं पाणी

दुष्काळाच्या साली माझ्या धाकट्या भावाच्या छातीत पू झाला. त्याला वळसंगहून सोलापूरच्या इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी बरगड्यांमधून रबरी नळी घातली. तिच्या टोकाची काचनळी खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवून ठेवली होती. भावाने श्वास घेतला की काचनळीतलं पाणी चार बोटं वर चढे, सोडला की उतरे.

"दादा, गावच्या साऱ्या विहिरी आटल्या," तो म्हणायचा, "माझीच तेवढी चालू हाय की."

"गप पड. दम लागंल," आई दटावायची.

डॉक्टर तिला म्हणाले, "आजी, हे पाणी हलायचं थांबलं की फुप्फुस फुगलं समजा. मग नळी काढू."

"थांबेल ते कुठं?" मी विचारलं.

"बाटलीतल्या पाण्यापेक्षा थोडं वर."

असं नेमकं कळलं की मला बरं वाटतं. आईने मात्र एकच शब्द धरला: थांबलं. पाणी थांबलं की साखर वाटीन, असा तिने देवीला नवस केला. घरी गुळाच्या चहावर भागवून रेशनची साखर राखली, ती पुरचुंडीत बांधून आणली आणि खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिली. तिचं लक्ष पोराच्या तोंडाकडे कमी, बाटलीकडे जास्त.

हेलकावा कमी होत गेला. चार बोटांचा दोन बोटांवर आला. ताप उतरत नव्हता, पण पाण्यापुढे तापाचं कुणी मनावर घेईना.

एका दुपारी मी डबा घेऊन पोचलो, तर आई वॉर्डच्या दारातच उभी. पुरचुंडी सुटलेली होती. शेजारच्या खाटांवर साखर वाटून झाली होती. एक म्हातारा ओठ चाटत होता.

"थांबलं बघ! आत्ताच थांबलं," ती म्हणाली. "उठवू नगंस त्याला. लई दिसांनी गाढ झोपलाय." आणि तिने माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

मी खाटेशी वाकलो. पाणी खरंच स्थिर होतं. काचनळीतलं आणि बाटलीतलं, दोन्ही एका रेषेत. जरासुद्धा वर नव्हतं.

मोकळा हात मी भावाच्या नाकाशी धरला.

"खा की," आई मागून म्हणाली. "हातात काय धरून बसलास?"