बाजा नसताना डोलणारी घोडी

पत्र्याच्या शेडमध्ये ती डोलत होती. मान डावीकडे, मग उजवीकडे, अंगाचा भार एका पुढच्या पायावरून दुसऱ्यावर. बँड नव्हता, गाणं नव्हतं. ढाणकीच्या बाजारामागे वरातीची घोडी ठेवणारे चाचा अभिमानाने म्हणाले, "पाहा भाऊ, बाजा नाही तरी नाचून राह्यली. अशी घोडी उमरखेडातबी नाही भेटनार."

बाबा खूश झाले. माझ्या भावाच्या लग्नात त्यांना घोडीच हवी होती, आणि वरात आमच्या गावाच्या वरच्या गल्लीतूनच न्यायची होती. आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या तरुणपणी आमच्या माणसांनी त्या गल्लीत पायात चपला घालायच्या नाहीत, असा दंडक होता. तो मोडून जमाना झाला. तरी आबाजी आजही गल्लीच्या तोंडाशी वाकतात, चपला हातात घेतात आणि पलीकडे गेल्यावर घालतात. कोणी पाहत नसलं तरी.

बाबांनी आयुष्यभर चळवळीची पत्रकं वाटली. मी अक्षरओळख त्या पत्रकांवरच केली. प्रत्येकाचं सांगणं एकच: दुःखाला कारण असतं, कारण काढा, दुःख जाईल. मी ते पाढ्यांसारखं पाठ केलं आणि पाढ्यांसारखंच खरं मानलं.

म्हणून त्या घोडीचे डोळे माझा पिच्छा सोडेनात. नाचणाऱ्याचं लक्ष कुठेतरी असतं. तिचं कुठेच नव्हतं. दारातली आडवी लाकडी बल्ली तिच्या छातीने घासून गुळगुळीत झाली होती. घरी भाकरी थापताना आई एकदम म्हणाली, "काहून डुलून राह्यली वं?" माझे खांदे घोडीच्या लयीत हलत होते.

मी उमरखेडला जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. तो नाच नाही, ते म्हणाले. घोडा कळपात राहणारा, दिवसभर चालत चालत चरणारा प्राणी. त्याला एकट्याला आखूड दोराने बांधलं, दोन वेळा चारा टाकला, की चारा लगेच संपतो आणि अख्खा दिवस उरतो. चालायला वाट नसते, मग चालणं जागच्या जागी सुरू होतं. कोणी डोलतं, कोणी लाकूड चावून हवा गिळतं, कोणी कोंडलेल्या जागेतच फेऱ्या घालतं.

मी पत्रक लिहिलं: "घोडी नाचत नाही." झेरॉक्स काढून बाजारात वाटलं. चाचा तडक आमच्या दारात.

"पत्रकवाल्याची पोरगी, माहा धंदा बुडवाले निंगाली का वं?"

मग खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि त्यांचा आवाज उतरला. "बेटी, मले वाटे थे खुशीत हाय. मीच तिले गूळ चारतो, मीच अंग धुतो. थे तकलीफमदे असन तं मले काहून नाही समजलं?"

बाबांनी माझ्या पत्रकातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेवढ्या काढल्या आणि म्हणाले, "कारण लिहिलं ना? आता काढ."

चाचांच्या साडूचं पडीक वावर फुलसावंगीच्या वाटेवर होतं. तिथे पूर्वी टांगा ओढणारा एक म्हातारा घोडा मोकळा चरायचा. मी बरेच हेलपाटे घातले, तेव्हा चाचांनी घोडी तिथे सोडली. हिवाळाभर ती चरली, उधळली, म्हाताऱ्याची मान आपल्या दातांनी खाजवत उभी राहिली. तिच्या अंगावर तकाकी आली. मी जिंकले होते.

मग एका दुपारी वावरात गेले. गुडघाभर गवत, शेजारी म्हातारा घोडा, समोर कुंपणसुद्धा नाही. आणि ती बाभळीच्या खोडाकडे तोंड करून डोलत होती.

डॉक्टरांना फोन केला. "आधीपेक्षा कमी झालंय ना? आणखी कमी होईल," ते म्हणाले. "पण इतकं मुरलेलं पूर्ण जाईलच, असं नाही. कारण काढलं तरी."

असं कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

लग्नाला चाचांनी स्वतःच अट घातली: डीजे नाही, ताशा नाही, घोडी फक्त चालेल. भाऊ वरच्या गल्लीत शिरला. ओट्यांवरून लोक मोबाइलवर फोटो काढत होते. कोणी वावगा शब्द बोललं नाही. बाबा सगळ्यांच्या पुढे होते, ताठ मानेने. आबाजी मागे, माझ्याजवळ. चपला हातात.

"आबाजी, आता तं घाला. तुमचा नातू घोडीवर हाय."

"घालतो वं माय. गल्ली सरू दे."

चौकात वरात थांबली आणि घोडी डोलू लागली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "नाचली, नाचली!" चाचांनी मान खाली घातली. भावाने वरून माझ्याकडे पाहिलं. मला त्याच्याकडे बघवेना.

आबाजी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. एका हातात चपला तशाच. दुसरा हात त्यांनी तिच्या मानेवर ठेवला.

"नाचत नाही रे थे," ते पोरांना म्हणाले.

ती थांबली नाही. त्यांनीही हात काढला नाही. तिच्या मानेबरोबर त्यांचा हात डावीकडे जात होता, मग उजवीकडे.