सव्वीस जानेवारीचा ठोका

मुक्कामी एसटी आमच्या गावातून सकाळी सहाला निघायची आणि चिखलीला पोचायला तिला तास लागायचा. शाळा अकराची, पण बँडचा सराव साडेसातला. म्हणजे नववीत मी चिखलीच्या हायस्कूलला गेले त्या वर्षी रोज साडेचारला उठत होते, आणि घरी यायला संध्याकाळचे सात. आजही कुणी "शाळेचे दिवस काय छान होते" म्हटलं की मला आधी जांभई येते.

बँडमध्ये मी स्वतःच्या तोंडानं गेले, दुसऱ्या कुणाला दोष नाही. पहिल्याच आठवड्यात खेळाचे सर वर्गात आले आणि म्हणाले, "कोणाले काही वाजोता येते का?" मी हात वर केला. बाबा गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात, आणि सहावीपासून मीही त्यांच्या शेजारी बसून वाजवत होते. पोरगी मृदंगावर बसते म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली, मग त्यांना सवय झाली. मला वाटलं, मृदंग येतो तर ड्रम काय मोठा! कसलं काय.

साईड ड्रमचा पट्टा खांद्यात रुततो आणि चालताना ड्रम मांडीवर आपटतो. आठवड्याभरात गुडघ्याच्या वर काळानिळा डाग पडला. बोटांनी वाजवायची सवय असलेल्या हातात दोन काड्या आल्या. उजवी सरळ धरायची, डावी आडवी. डाव्या हाताला फोड आला, तो फुटला, त्याच जागी दुसरा आला. बाकीचे चौघं पाचवीपासून बँडमध्ये होते. त्यांची घरं शाळेच्या मागच्या गल्लीत, आंघोळ करून, तेल लावून ताजेतवाने यायचे. मी एसटीची धूळ खाऊन. भूगोलाच्या तासाला मी बसल्याबसल्या झोपायचे.

ड्रम होते चार आणि आम्ही पाच. सरांनी दिवाळीनंतरच सांगून टाकलं, "सव्वीस जानेवारीले चारच जण मैदानात. एक जण बाहेर." हे मी घरी सांगितलं, तर बाबांनी मंडळात भलतंच जाहीर केलं, की आपली पोरगी यंदा तालुक्याच्या मैदानात वाजवते.

"बाबा, अजून नाव नाही लागलं माझं!" मी ओरडले.

"लागते व माय. नाही काऊन लागन?"

मला स्वतःचं नाव लागण्यापेक्षा यांचं नाक कापलं जायची जास्त धास्ती बसली.

डिसेंबरात सरांनी आठवीच्या मुलांना मैदानावर चालायला लावलं. आम्ही कडेला उभे. पाचातल्या एकेकानं एकट्यानं ठोका द्यायचा, मुलांनी त्यावर पाय टाकायचे. माझी पाळी आली. पहिली फेरी बरी गेली. मग थंडीमुळे म्हणा की काय, पुढच्या रांगेतली पोरं जरा घाईनं चालू लागली. मी त्यांच्या पायांकडे बघत होते, मीही चढवलं. मी चढवलं म्हणून त्यांनी चढवलं. तिसऱ्या फेरीला आठवी अक्षरशः पळत होती, एकाची चप्पल मागं राहिली आणि दोघं तिला अडखळून पडले. सगळं मैदान हसायला लागलं. सरांनी शिट्टी मारली.

"काय व, कोणाच्या मागं जाऊन राह्यली तू?"

"सर, पोट्टे जोरात चालत होते."

"अन् पोट्टे कोणाच्या मागं चालत होते?"

सरांनी शिट्टीच माझ्यावर रोखली.

"तुह्या! चाळीस जण तुह्या मागं, अन् तू त्याइच्या मागं. असं केलं तं दुपारपर्यंत सारे मेहकरले पोचसान."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण यात माझी चूक तरी काय होती? मृदंगवाल्यानं गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, हा बाबांचा पहिला धडा. मंडळी रंगात आली, टाळ्या वाढल्या, की आपण चढवायचं. "आपलं काही नसते," बाबा म्हणायचे, "मंडळी जाईन तिकडं जायचं." तीन वर्षं मी तेवढंच शिकले होते आणि त्याबद्दल शाबासकी घेत होते. इथं त्याच गोष्टीसाठी चाळीस जणांसमोर बोलणी खाल्ली.

आमच्यात एक मुलगी होती, दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी, पाचवीपासूनची ड्रमवाली. नळावर ती म्हणाली, "कोणाकडेच नको पाहू. मनात बेचा पाढा म्हन. मी तेच करत राह्यते."

मग मी एसटीत पाढा, जेवताना पाढा, झोपेत पाढा. बे एके बे, बे दुणे चार, आणि मांडीवर बोटं. जीव मेटाकुटीला आला. एका संध्याकाळी दप्तर टाकलं आणि बाबांना म्हटलं, मी बँड सोडते, माझ्याच्यानं उठवत नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "मंडळीले काय सांगू?" मला इतका राग आला की मी जेवले नाही. आणि सकाळी सहाच्या गाडीत बसले.

जानेवारीत सरांनी नावं वाचली. चौथं माझं. ज्याचं नाव लागलं नाही तो मुलगा म्हणाला, "बरं झालं बुवा, झोपाले भेटन." मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

सव्वीस जानेवारीला बाबा मंडळातल्या दोघांना घेऊन माझ्याबरोबरच पहिल्या गाडीनं आले. तिघांच्या डोक्यावर कडक पांढऱ्या टोप्या. दोरीला खेटून, माझ्या बरोब्बर समोर उभे राहिले. झेंडा झाला, संचलन सुरू झालं, आम्ही चौघं एका जागी उभे राहून ठोका देत होतो आणि एकेक शाळा समोरून जाऊ लागली. आणि बाबांनी टाळ्या सुरू केल्या.

ती टाळी मी ओळखत होते. ठोक्याच्या जराशी पुढे पडणारी, ओढणारी. भजनात ती आली की अर्थ एकच: चढव आता. दोघं सोबत्यांनी धरली, मग शेजारच्या चारदोन जणांनी. माझ्या मनगटांना ते कळलं होतं, काड्या हातात पळायला बघत होत्या. बे एके बे. समोर पाचवीची लहान पोरं, छाती काढून, माझ्या ठोक्यावर पाय टाकत होती. बे दुणे चार. मला बाबांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी चढवलं नाही.

बाबांची टाळी पुढं गेली, एकटी पडली. ते थांबले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा सुरू केली. पुन्हा जुळेना. मग त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. पोरं एका ठोक्यात पाय टाकत पुढं निघून गेली.

परतीच्या गाडीत बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "मी टाळ्या वाजोत होतो. तुले ऐकू नाही आल्या का?"

समजावून सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि माझ्यात तेवढं त्राण नव्हतं.

"नाही बाबा. ड्रमच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पुढच्या सीटवरच्या दोघांना खांद्याला हलवून ते म्हणाले, "पोरीले ऐकूच नाही आल्या ना! मी म्हनलं, असं कसं." तिघंही हसले. मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

मला प्रत्येक टाळी ऐकू आली होती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.