लपून नको, म्होरं ये

पहिल्या सहा महिन्यांत मी काढलेल्या फोटोंमध्ये एकाही माणसाला चेहरा नव्हता. मंडईतल्या भाजीवाल्यांच्या पाठी, तुळशीबागेत बांगड्या बघायला वाकलेल्या बायकांच्या वेण्या, स्कूटरवर मागे बसलेल्या बाईच्या पदराचं टोक, एवढंच. कोणी वळून माझ्याकडे पाहिलं की मी लगेच कॅमेरा वर करायची आणि विजेच्या तारांचा फोटो काढल्याचं नाटक करायची. त्यामुळे माझ्याकडे पुण्यातल्या तारांचेही भरपूर फोटो होते.

मी चंद्रपूरकडची. इंजिनिअरिंग झाल्यावर हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले आणि कोथरूडला तीन मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहू लागले. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, जेवून राहिले, म्हणजे आमच्याकडचं जेवतेय. "जेवून राहिलीस? कुठे राहिलीस?" असं म्हणून तिघी इतक्या हसल्या की मीही हसले, पण त्या दिवसापासून तोंड उघडण्याआधी वाक्य मनात एकदा पुसून घ्यायची सवय लागली. पुसून झालं की बहुतेक वेळा बोलण्याची वेळ निघून गेलेली असायची. ऑफिसात माझं नाव शांत मुलगी असं पडलं. आमच्या घरी हे कोणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

पहिल्या बोनसमधून मी डिजिटल कॅमेरा घेतला. आई फोनवर म्हणाली, "काहून वं, घरात कोणाचं लग्न आहे काय?" मला तिला नीट सांगता आलं नाही. बसमधून रोज जाता-येता खिडकीबाहेर जे दिसायचं ते सुटून जातंय, असं वाटायचं. डोक्यावर फ्रीज घेऊन रस्ता ओलांडणारा हमाल, सिग्नलला गाडीच्या आरशात कुंकू नीट करणारी बाई, सोसायटीच्या गेटवर एकाच वर्तमानपत्राची दोन टोकं धरून वाचणारे दोन आजोबा. कॅमेऱ्याबरोबर मी एक लांबलचक झूम लेन्सही घेतली. माणसांपासून शक्य तितकं लांब राहूनच मला माणसांचे फोटो हवे होते.

कोथरूडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना फोटो स्टुडिओ होता. मालक साठीचे, पांढरा शर्ट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. पासपोर्ट फोटो हा त्यांचा मुख्य धंदा, आणि गिऱ्हाइकाला "मान सरळ" एवढं सोडून ते दुसरं काही बोलत नसत. माझे फोटो प्रिंट करायला मी त्यांच्याकडेच द्यायची. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांनी पाकीट दिलं, पण हातातून सोडलं नाही.

"एक विचारू का? सगळ्या पुण्याने आपल्याकडे पाठ फिरवली आहे का?"

मी पाकीट हळूच ओढून पाहिलं.

"नाही, म्हणजे आपण गुप्तहेर खात्यात असाल तर राहू द्या."

"समोरून काढायची भीती वाटते," मी म्हटलं.

"मग भीती वाटू द्या, आणि काढा. पुढच्या वेळी एक फोटो समोरून आणा. एकच. चेहरा असलेला. नाहीतर या पाठी मी छापणार नाही."

त्या रविवारी मी मंडईत गेले. लिंबांच्या ढिगामागे बसलेल्या एका काकांसमोर उभी राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि त्यांनी मान वर केली. "घ्यायचीत का?" मी घाबरून दोन डझन लिंबं घेतली. फोटो काढलाच नाही. पुढे एक धोतर-टोपीतले गृहस्थ वाचनालयाच्या पायरीवर बसले होते. तिथे मात्र मी बटण दाबलं. ते म्हणाले, "आमच्या तोंडावर काही लिहिलंय का, मॅडम?" मी नाही म्हटलं. "मग काय वाचायला थांबलात?" घरी आले, फोटो पाहिला. हललेला होता. आठवडाभर आमच्या फ्लॅटमध्ये लिंबाचं सरबत झालं.

पुढच्या दिवसांत एक गोष्ट घडली, ती हिंजवडीत. आमच्या ऑफिसच्या मागच्या गेटबाहेर, कंपन्यांच्या बस उभ्या राहतात तिथे, एक म्हातारी मावशी पोतं अंथरून भाजलेल्या शेंगा घेऊन बसायची. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, आणि पाठीमागे आमची आठ मजली काचेची बिल्डिंग. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं-पोरी जमायची. मला वाटायचं, काय फोटो आहे! काचेची इमारत आणि तिच्या पायाशी बिचारी म्हातारी. मी रस्त्यापलीकडे एका बसच्या आड उभी राहिले, झूम लावला आणि तिचा चेहरा भिंगात आणला.

ती सरळ माझ्याकडेच बघत होती.

"ए पोरी! चोरून काय काढतीस? लपून नको, म्होरं ये!"

सगळे वळले. पळून जायला जागा नव्हती, कारण गळ्यातल्या ओळखपत्रावर माझं नाव आणि कंपनी दोन्ही होतं. मी रस्ता ओलांडून गेले, तेव्हा कान तापले होते.

"दाव, काय काढलंस ते."

मी कॅमेऱ्याचा पडदा तिच्यासमोर धरला. तिने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"ह्यात मी कुटं हाय? समदी तुजी बिल्डिंगच हाय की."

खरंच होतं. चौकटीत काचच काच आणि खाली कोपऱ्यात एक हिरवा ठिपका.

"आन् असं गरिबावानी काय काढलंस मला?"

मी घाईघाईत, मनात न पुसता, बोलून गेले, "तसं नाही मावशी, मी तं फक्त फोटो काढून राहिले होते."

"काढून राहिले? कुटची गं तू?"

"चंद्रपूरची."

"लई लांबनं आलीस." मग तिने हात वर करून रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे एक चार मजली गुलाबी इमारत होती. खिडक्यांत मुलींचे कपडे वाळत होते. "ती माजी हाय. तुज्यासारक्या चाळीस पोरी ऱ्हात्यात तितं. शेंगा मी घरी बसून करमत न्हाई म्हनून इकते."

आमच्या टीममधली एक मुलगी त्याच इमारतीत राहायची आणि घरमालकीण नियमांना फार कडक आहे असं रोज सांगायची. ती घरमालकीण ही! मी सहा महिने जिच्याकडे बिचारी म्हणून पाहत होते, ती मला खोली भाड्याने देऊ शकत होती. मला इतकं हसू आलं की मी पोत्याच्या कडेला बसूनच हसले, आणि तीही हसायला लागली.

"आता काढ," ती म्हणाली. हसू पुसून तिने पदर खांद्यावर घेतला, पाठ ताठ केली आणि घर भाड्याने देणाऱ्या बाईसारखी माझ्याकडे पाहिलं. झूम इतक्या जवळून चालेना. मी पिशवीतली दुसरी, कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी लेन्स काढून लावली, आणि तिच्यापासून दोन हातांवर गुडघे टेकले. तिने डोळे माझ्यावरून हलवले नाहीत. माझे तिच्यावरून हलले नाहीत. बटण दाबल्याचा आवाज झाला तेव्हा मला जे वाटलं ते शाळेत पहिल्यांदा सायकल कोणी न धरता चालवली तेव्हा वाटलं होतं. उरलेली दुपार ऑफिसात माझा एकही प्रोग्राम धड चालला नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

स्टुडिओतल्या काकांनी दोन्ही फोटो काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. बिल्डिंगचा उलटा केला.

"हा सगळेच काढतात. काच मोठी, म्हातारी लहान, आपण हुशार. हा दुसरा आपला." चष्मा वर ढकलून ते पुन्हा फोटोवर वाकले. "बाई काय बघत्येय! आपण काय केलंत?"

"काही नाही. बोलले."

"मग बोला. आणि तो लांब नळा घरी ठेवा. माणूस मोठा हवा असेल तर आपणच पुढे जायचं."

मोठी प्रिंट घेऊन मी दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेले. तिने ती हातभर लांब धरली. "एवडी कडक दिसती मी?" मग स्वतःशीच, खूश होऊन, "दिसतीच." प्रिंट पदरात गुंडाळत ती म्हणाली, "बेस्तरवारी ये. आमच्या खाचरात भात लावायचाय. शेवटचा. पुढल्या साली माजी पोरं तितं पार्किंग करनार."

गुरुवारी माझी क्लायंटबरोबर मीटिंग होती. नोकरी लागल्यापासून मी एकही दिवस रजा घेतली नव्हती. साहेबांना फोन केला आणि आजारी आहे हे सांगायला तोंड उघडलं, तर तोंडातून निघालं, "सर, आज मला भात लावायला जायचंय." त्यांनी मला तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग ते म्हणाले, "उद्या ये."

कंपनीच्या बसनेच गेले, पण गेटच्या आत न जाता कुंपणाच्या कडेने मागे चालत गेले. तीन बाजूंनी इमारती आणि मध्ये एकच हिरवं-तपकिरी खाचर, पाण्याने भरलेलं. दहा-बारा बायका गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद बांधलेले, हातात रोपांच्या जुड्या, आणि तोंडं अखंड चालू. मावशी बांधावर उभी राहून कोणाची ओळ वाकडी जाते ते सांगत होती.

मी बांधावरून दोन-तीन फोटो काढले. वाकलेल्या बायकांची पाठच दिसणार. ते मला पुरेना. चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि कॅमेरा छातीशी धरून आत पाय टाकला. पाय जो खाली गेला तो जातच राहिला. "पडली, पडली, कंपनी पडली!" कोणीतरी ओरडलं. मी पडले नाही, पण एका बाईच्या खांद्याला धरलं तेव्हा वाचले, आणि ती इतकी हसली की तिच्या हातातली जुडी सुटली. मी तसाच फोटो काढला, एका हाताने, तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून.

"माजाबी काढ!"

"थांबा वं, एक एक करून काढते ना!" मी ओरडले. माझ्या घरच्या बोलीत, पूर्ण आवाजात. त्यांना त्यातही हसू आलं. "थांबा वं" त्यांनी लगेच उचललं आणि दिवसभर एकमेकींना "थांबा वं, थांबा वं" करत राहिल्या. पण हे हसणं वेगळं होतं. मीही त्यांच्या बोलण्याची नक्कल करत होते, आणि त्या माझी चूक काढत होत्या. दुपारी त्यांनी भाकरी आणि खर्डा दिला, मग माझ्या हातातही एक जुडी दिली. माझी ओळ इतकी वाकडी गेली की मावशीने बांधावरून कपाळावर हात मारला. त्याचाही फोटो मी काढला. संध्याकाळी काचेच्या खिडक्यांमागे आमच्या ऑफिसातले लोक कॉफीचे कप घेऊन उभे दिसले. खाली चिखलात कोण आहे ते त्यांना ओळखू आलं नाही.

कॅमेऱ्यात दोनशेच्या वर फोटो होते आणि जवळजवळ प्रत्येकात कोणीतरी सरळ माझ्याकडे बघत होतं. रागाने, हसून, घामाने डोळे मिटत, पण बघत होतं. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. घरी संगणकावर एकेक उघडताना मला कळलं की हे दुसऱ्या कोणाच्या फोटोसारखं दिसत नाही. रस्त्यावरचे फोटो म्हणजे माणसांना कळू न देता काढायचे असं मी वाचलं होतं. मला ते जमत नव्हतं म्हणून मी स्वतःला भित्री समजत होते. मला आवडत होतं ते वेगळंच. आधी बोलायचं, जवळ जायचं, आणि त्या माणसाला जसं दिसायचंय तसं उभं राहू द्यायचं.

त्यानंतरचे रविवार मला आठवतात ते असे धावतच आठवतात. सकाळी सातला कोथरूडहून निघायचं, छोटी लेन्स लावायची, आणि पहिल्या माणसाला विचारायचं, "काढू काय तुमचा फोटो?" काही जण नाही म्हणत. पुण्यातली माणसं नाही म्हणायला लाजत नाहीत, त्यामुळे पुढच्याकडे लवकर जाता येतं. पण हो म्हणणारेच जास्त निघाले. एक केळीवाले काका टोपी बदलून आले. एक आजी म्हणाल्या, "काढा, पण हसणार नाही, दात नाहीत," आणि फोटो काढताना हसल्या.

एकदा सकाळी बसची वाट पाहत होते. बस आली आणि दारात कंडक्टर बाई उभ्या. कंडक्टर म्हणून नव्यानेच बायकांना घेऊ लागले होते. खाकी गणवेश, कातडी पिशवी, आणि केसांत अबोलीचा गजरा. मी खालूनच विचारलं, "ताई, एक काढू काय?"

"आत्ता? बस सोडायचीय मला."

"एकच."

त्यांनी आत ड्रायव्हरकडे पाहिलं, मग दांडी घट्ट धरून हनुवटी वर केली. "बरं, लवकर."

खिडकीतल्या एका गृहस्थांनी डोकं बाहेर काढलं. "काढा, काढा, निवांत काढा. आम्ही काय, सहलीलाच निघालोय."

"मग तुम्ही पण या काका, चौकटीत जागा आहे," मी म्हटलं.

त्यांनी डोकं आत घेतलं नाही. उलट चष्मा नीट केला. मागच्या खिडकीतून आणखी दोन डोकी बाहेर आली. कंडक्टर ताईंना हसू आवरेना, आणि मी फुटपाथवरून दोन पावलं पुढे जाऊन बटण दाबलं. मग त्यांनी घंटी दिली आणि मला हात देऊन चालत्या बसमध्ये वर ओढून घेतलं.