आत बघितल्याशिवाय चहा नाही

चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या रुग्णालयात मी हृदयरोग विभागात रुजू झाले, त्याच दिवशी डॉ. अनंत वरखेडकर सरांची ओळख झाली. ओळख कसली, टक्करच! सरांनी एका रुग्णाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत नुकताच स्टेंट बसवला होता. पडद्यावर अडथळा नाहीसा झालेला, रक्त झुळझुळ वाहतंय. मी उत्साहाने म्हणाले, "सर, सुंदर! चहा सांगू?" सरांनी मान वळवलीसुद्धा नाही. "आत बघितलंत?" एवढंच विचारलं.

अँजिओग्राफीत दिसते ती रक्तवाहिनीची सावली. स्टेंट म्हणजे बारीक तारांची जाळी. ती भिंतीला सगळीकडून टेकली आहे की कुठे अर्धवट उघडून राहिली आहे, हे ती सावली नीट सांगत नाही. अर्धवट राहिली तर पुढे तिथेच गुठळी धरण्याची भीती. म्हणून सर सोनोग्राफीची एक बारीक नळी थेट रक्तवाहिनीत नेतात आणि आतून पाहतात. ते होईपर्यंत कोणी 'छान' म्हणायचं नाही, चहा मागवायचा नाही. विभागाला चहा देणारे आमचे श्रीपतीमामा किटली झाकून दाराशी उभे असतात. चहा आला की पहिला कप बाहेर बसलेल्या नातेवाइकाला, आणि तो सर स्वतः नेऊन देणार. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नसलेल्या माणसांशी ते शेजारच्या बाकावर बसून बोलतात. परत येतात तोवर त्यांचा स्वतःचा चहा गार झालेला असतो.

रुग्ण टेबलावर जागाच असतो. चाकणच्या कारखान्यात प्रेसवर काम करणारे एक गृहस्थ एकदा वैतागले. "सायेब, झालं म्हनलात न्हवं? मग आता ह्ये आनिक काय?"

सर म्हणाले, "दादा, तुमच्या कंपनीत पार्ट तयार झाला की लगेच गाडीत भरता का?"

"छ्या! क्यूसी झाल्याबिगर गेटाभायेर सोडत न्हाईत."

"मग आमचंही तेच चाललंय."

नळी बाहेर आल्यावर गृहस्थांनीच विचारलं, "पास का?" तेव्हापासून आमच्याकडे सगळेच या आतल्या तपासणीला 'क्यूसी', म्हणजे क्वालिटी कंट्रोल, म्हणतात.

दुसऱ्यांच्या बाबतीत इतके काटेकोर असणारे सर स्वतःच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद! गेल्या वर्षी जिना चढताना त्यांच्या छातीत भरून यायला लागलं. सर म्हणाले, पित्त असेल. त्यांच्या पत्नी सुनंदाताई काय ते समजल्या आणि त्यांना जवळजवळ धरूनच घेऊन आल्या. मुख्य रक्तवाहिनी अरुंद झाली होती. "पुण्यातून कोणाला बोलवू या का?" मी विचारलं. सर म्हणाले, "कशाला? मेधा करेल." मेधा म्हणजे मी! ज्यांनी मला ही विद्या दिली, त्यांचाच जीव माझ्या हातात.

स्टेंट बसला. चित्र स्वच्छ आलं. आणि टेबलावरून सर काय म्हणाले असतील? "छान बसलाय. आटप आता, माझा राउंड राहिलाय."

"सर, क्यूसी राहिलंय."

"अगं, दिसतंय ना स्वच्छ! मी सांगतोय ना तुला."

सरांना 'नाही' म्हणायची सवय आमच्यापैकी कोणालाच नव्हती. मी नळी हातात घेऊन उभी. तेवढ्यात दाराशी मामांचा आवाज आला, "सर, किटली झाकल्यालीच हाय."

सर हसले. म्हणाले, "घाल बाई, नळी घाल."

आत बघितलं. मधोमध कॅल्शियमचा टणक थर होता आणि तिथे जाळी आवळून राहिली होती. सावलीत त्याचा मागमूसही नव्हता. पडदा त्यांच्याकडे वळवला. सरांनी नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मोठा फुगा घे. जोर लाव." मी फुगा जाळीच्या आत नेऊन फुगवला, पुन्हा नळी घातली. जाळी चहूबाजूंनी भिंतीला टेकली होती. "पास का?" सरांनी त्या चाकणच्या दादांसारखंच विचारलं, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं माझं रडू तिथेच फुटलं.

मामांनी कप भरला. तो न्यायचा मान नेहमी सरांचा. त्या दिवशी मी नेला. सुनंदाताई बाहेर पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. त्या कपाचा अर्थ त्यांना संसारभर ऐकून पाठ होता. कप घेतला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे गं." मग आम्ही दोघी हसलो.

आठवडाभरात सर राउंडला हजर! आता जिना सावकाश चढतात, म्हणजे सुनंदाताई बघत असतील तेव्हा.

सर, साठी पूर्ण झाली की शंभरीच्या शुभेच्छा देण्याची रीत आहे. इतर मंडळी तुमच्या चेहऱ्यावरचं तेज पाहून त्या देतील. मी आत बघून देते आहे. वाट मोकळी आहे, खुशाल शंभरी गाठा. आणि आज पहिला कप तुमचा. गरम आहे तोवर प्या.