भिजलेल्या फुलाचा कौल

आमच्या घरात मोठे निर्णय माणसं घेत नसत, फुलं घेत. मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना वाटतं, मी काहीतरी गोड बोलतेय. गोड कसलं डोंबलाचं! नाशिकच्या वेशीवर आमचा फुलांचा मळा आहे. मळ्याच्या बांधावर लिंबाखाली शेंदूर फासलेली हातभर उंचीची देवी आहे. तिला अंघोळ घालायची, तिच्या उजव्या खांद्यावर पांढरी शेवंती चिकटवायची, डाव्यावर पिवळी, आणि प्रश्न विचारायचा. पांढरं आधी पडलं तर उजवा कौल, म्हणजे हो. पिवळं आधी पडलं तर डावा, म्हणजे नाही. विहीर कुठे खणायची, सोयरीक कुणाशी करायची, गुलाब काढून शेवंती लावायची की नाही, सगळं असं ठरायचं.

कौल लावायचा मान मोठ्या काकांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. पंचक्रोशीत त्यांचं त्यासाठी नाव होतं. लांबलांबून लोक यायचे, आमच्या बांधावर हात जोडून उभे राहायचे आणि फूल पडलं की काकांच्या पाया पडायचे. काका सांगायचे, माझ्या पाया पडू नका, देवीच्या पडा. पण सांगताना पाय मागे घ्यायचे नाहीत.

काकांची आवडती गोष्ट माझ्या वडिलांच्या ऑपरेशनची. मी तेव्हा चार वर्षांची असेन. वडिलांचं पोट दुखायला लागलं, डॉक्टर म्हणाले आत्ताच्या आत्ता कापावं लागेल, आणि काकांना वाटत होतं झाडपाल्याचं औषध देऊन दोन दिवस थांबावं. दुसऱ्या दिवशी पहाटे देवीला विचारलं. पांढरं फूल असं टपकन पडलं की काका स्वतःच दचकले. ऑपरेशन झालं, आणि अजून एक दिवस उशीर केला असता तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की त्यातलं टपकन मला पाठ आहे.

मला मात्र देवीचा राग होता. त्याला कारण ग्लॅडिओलसची फुलं. एका वर्षी कौल लावून दोन बिघ्यांत ग्लॅडिओलस लावला आणि सगळा सडून गेला. आता देवी तर चुकणार नाही, मग चुकलं कुणाचं? काकांनी शोध लावला की मी चपला घालून देवीपाशी गेले होते. मी नऊ वर्षांची! अख्ख्या घरादारानं वर्षभर मला त्यावरून बोलून घेतलं. तेव्हापासून मी त्या दगडाकडे डोळे वटारूनच बघायची.

या सगळ्यात आईचं काम एवढंच, की ताटात फुलं काढून द्यायची. पहाटे सगळ्यांत आधी तोडणीला तीच जायची, म्हणून ते तिच्याकडे आलं होतं. ती निफाडकडची, द्राक्षवाल्यांची लेक. सासरी आल्यापासून मोठ्या काकांशी ती समोरासमोर बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर डोक्यावरचा पदर पुढे ओढून चुलीला सांगायची, आणि चुलीचं काकांनी ऐकायचं. कौलाच्या वेळी बायका मागे बांधाच्या कडेला उभ्या राहायच्या, त्यातही ती सगळ्यांच्या मागे.

मी बारावी झाले आणि मला कृषी पदवीला पुण्याला प्रवेश मिळाला. यादीत नाव बघितलं तेव्हा कॅफेतल्या कॉम्प्युटरवर मी बोट ठेवून तीनदा वाचलं. फुलांत जन्म गेला होता, पण फूल का सडतं हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. ते मला शिकायचं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात सायखेड्याहून स्थळ आलं. गोदाकाठची जमीन, ऊस, मुलगा एकुलता एक, माणसं बरी. काका हरखून गेले. बार दिवाळीनंतर उडवू म्हणाले. मी रडले, जेवण टाकलं, वडिलांकडे गेले. वडील मान खाली घालून म्हणाले, भाऊ म्हणेल तसं. भाऊ म्हणाले, देवी म्हणेल तसं. प्रवेश घ्यायची मुदत शनिवारपर्यंत होती आणि कौल ठरला शुक्रवारी सकाळी.

आई काहीच बोलली नाही. मला तिचाही राग आला. वाटलं, हिच्या पोटी जन्म घेतला आणि हिच्या तोंडाला कुलूप! मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. ती आपली भाकऱ्या थापत राहिली.

मग मी ठरवलं, आपला हात जगन्नाथ. सायन्सची विद्यार्थिनी होते मी, चिकटवलेलं जड फूल आधी सुटतं एवढं कळायला देवी लागत नाही. शुक्रवारी पहाटे श्रावणातली झिमझिम चालू होती. आईनं ताट करून पडवीत ठेवलं होतं, वर फडकं. ती तोडणीला गेलेली बघून मी फडकं उचललं. पांढरी शेवंती एक, पिवळी एक. फवारणीचं औषध मोजायची सिरिंज मी पोलक्यात लपवून आणली होती. ती पाण्यानं भरली आणि पिवळ्या फुलाच्या बुडात, देठाच्या वर, हळूच टोचून रिकामी केली. दुसऱ्यांदा भरली, तीही रिकामी केली. फूल मुळातच हातात चांगलं जड लागलं होतं, पण पावसाची फुलं जडच असतात, असं म्हणून मी फडकं झाकलं. मनानं मी पुण्याला पोचलेही होते.

काका अंघोळ करून, ओल्या पंच्यानं देवीपुढे बसले. घरचे सगळे मागे. त्यांनी देवीला पाणी घातलं, पांढरं फूल उजव्या खांद्यावर दाबलं. ते बसलं. मग पिवळं डाव्या खांद्यावर दाबलं, हात काढला, आणि प्रश्न विचारायला तोंड उघडलं तोच ते फूल थपकन खाली! अजून प्रश्न विचारलाच नव्हता. आणि प्रश्नाआधी पडलेलं फूल बाद, हा नियम तर आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. काकांनी ते उचलून पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मग त्यांनी ते बाजूला फेकलं, हात लांब करून शेजारच्या वाफ्यातलं एक अर्धवट उमललेलं पिवळं फूल खुडलं आणि पंच्याला पुसून लावलं. ते चिकटलं ते असं, की जणू देवीच्या खांद्यावरच उगवलं होतं.

मग त्यांनी विचारलं, पोर सायखेड्याला द्यायची का? आम्ही सगळे बघत राहिलो. पिवळं हललं नाही. पांढऱ्याची एक पाकळी सुटली, मग ते जरा कलंडलं, आणि पडलं.

उजवा कौल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी काही केलं नसतं तर निदान अर्धी तरी आशा होती. काकांनी नारळ हातात घेतला आणि चुलतभावाला म्हणाले, मोबाईल आण, सायखेड्याला कळवून टाकू. मला रडूसुद्धा येईना.

आणि मागून आई आली. बायकांच्या रांगेतून पुढे, माझ्या शेजारून, वडिलांच्या शेजारून, थेट देवीपर्यंत. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. चुलीला नाही, भिंतीला नाही, काकांच्या तोंडाकडे बघून ती म्हणाली,

"भाऊ, फोन लावू नका. पोरगी शिकाया जाईल."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटतं, तिचा चेहरा कसा आहे हेच त्यांनी आजवर पाहिलं नसावं. मग म्हणाले, देवीनं कौल दिलाय. आजवर देवीचा शब्द कधी खोटा गेलाय का, सांग.

"नाय गेला," आई म्हणाली. "पण ती फुलं मी पाडत होते, भाऊ. जे पाडायचं ते आदल्या सांजेपासून पाण्यात उलटं बुडवून ठेवायचे. द्राक्षाचा जड घड आधी सुटतो, मग फूल का नाय सुटणार? लग्न होऊन आले त्या सालापासून करतेय."

माझ्या डोक्यात हिशेब जुळला. म्हणजे पिवळं फूल रात्रभर भिजलेलं होतं, आणि त्यात मी वरून दोन सिरिंजा पाणी भरलं होतं. ते देवीच्या खांद्यावर टिकणार कसं? आईनं माझं लग्न मोडायची चोख व्यवस्था केली होती आणि मी हुशारीनं ती उधळून लावली होती.

मला वाटलं, काका आता आरडाओरडा करतील. देवीशी खेळ केलास म्हणतील, हाकलतील. ते मटकन बांधावर बसले. मग लहान पोरानं विचारावं तशा आवाजात एकेक विचारत गेले. विहीर? आई म्हणाली, ते बी मीच. वरच्या आळीतलं स्थळ मोडलं, पोरगा दारुडा निघाला नंतर, ते? ते बी. रस्त्याकडची जमीन विकली नाही, ती? ती बी. शेवटी त्यांनी वडिलांकडे बोट केलं.

"अन ह्याचं ऑपरेशन?"

"ते तर मीच," आई म्हणाली. "मला विधवा व्हायचं नव्हतं, भाऊ."

वडिलांनी तिच्याकडे असं बघितलं, की तसं त्यांना बघताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला राहवलं नाही. मी विचारलं, आणि ग्लॅडिओलस? आई जरा ओशाळली. ते तेवढं माझं चुकलं, म्हणाली. नऊ वर्षं मी तो आरोप डोक्यावर वाहिला होता! त्या क्षणी मला तिला मिठी मारावी की भांडावं हेच समजेना. मी दोन्ही केलं.

काका उठले. नारळ अजून त्यांच्या हातात होता. एकदा देवीकडे बघितलं, एकदा आईकडे. मग त्यांनी तो देवीपुढे फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा आईच्या हातावर ठेवला आणि मोबाईल मागून घेतला. सायखेड्याला त्यांनी सांगितलं, की आमच्याकडे कौल आला नाही, पोर शिकणार आहे, राग मानू नका. कुणाचा कौल आला नाही, ते काही त्यांनी सांगितलं नाही. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, पुण्याची सकाळची गाडी कितीला आहे ते बघून ठेव. मी शनिवारी दुपारी प्रवेश घेतला, मुदत संपायच्या आत.

शिकले आणि परत मळ्यातच आले. आता आमच्याकडे पॉलिहाऊसमध्ये जर्बेरा आहे, आणि फूल का सडतं हे मी दुसऱ्या शेतकऱ्यांना शिकवते. ग्लॅडिओलस पुन्हा लावला. या खेपेला टिकला, आणि पहिली तोडणी झाली त्या दिवशी मी बांधावर मुद्दाम चपला घालून हिंडले.

तुम्ही म्हणाल, कौलाचं सोंग संपलं असेल. कसलं संपतंय! लोक अजून येतात. शहरातून गाड्या घेऊन येतात, मोबाईलवर टॅरोचे पत्ते काढून भविष्य बघणाऱ्या माझ्या मैत्रिणीही येतात. त्यातली एक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आणि फूल पडेपर्यंत तिच्या कपाळावर घाम असतो. काका थकलेत, पण अजून ओल्या पंच्यानं बसतात. फरक एवढाच, की घरातला काही मोठा प्रश्न असला तर आदल्या दिवशी संध्याकाळी ते ताट घेऊन स्वतः आईपाशी येतात. ताट तिच्यापुढे ठेवतात आणि विचारतात, "काय म्हणतेस?" आई सांगते. कधी कधी दोघं तासभर वाद घालतात. मग फूल पाण्यात पडतं.

हसायला येतं मला, आणि तरी सांगते, पांढरं फूल कलंडायला लागलं की आजही मी नकळत हात जोडते. सगळं माहीत असून जोडते. शास्त्र कुठे जातं त्या वेळी, कुणास ठाऊक.

सिरिंजचं मात्र मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. कारण त्या दिवसाबद्दल आई एकच सांगायची. भिजवलेलं फूल प्रश्नाआधी पडलं, असं आधी कधीच झालं नव्हतं. तिला वाटलं, देवीच सांगतेय, बास झालं लपूनछपून, आता तोंडानं बोल. म्हणून ती बोलली. आता तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या धाडसामागे औषधाची सिरिंज होती, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार?

गेल्या नवरात्रात मात्र सांगून टाकलं. आम्ही दोघी माळा ओवत बसलो होतो. सगळं सांगितलं, पोलक्यातली सिरिंज, दोनदा भरलेलं पाणी, सगळं. तिचा हात थांबला. मला वाटलं, आपण तिची देवी मोडली. तिनं सुई दाताखाली धरून माझ्याकडे बघितलं आणि सुई काढून म्हणाली,

"मग? ती बुद्धी तुला कुणी दिली?"

आणि पुढचं फूल ओवायला घेतलं. घ्या! आता या बाईपुढे कुणी काय बोलावं?