गोल, लांबट, चौकोनी

बोईसरच्या आमच्या लॅबमध्ये हवेचे रिपोर्ट लगेच फाइलला लागतात. किस्से मात्र कुठेच लागत नाहीत. ते चहाबरोबर निघतात आणि दर वेळी थोडे वाढतात.

आमचं मशीन साधं दिसतं. ते हवा आत ओढतं आणि तिच्यावर लेझर सोडतं. धुळीच्या कणावर आपटून उजेड आजूबाजूला फाकतो. गोल कण असला तर एका तऱ्हेने, लांबट असला तर वेगळ्याच. त्यावरून आम्ही कणाचा आकार ओळखतो.

* * *

एका कंपनीच्या गेटवर वॉचमनने आम्हाला अडवलं. "हवा में क्या देखोगे? दिखता तो कुछ नहीं."

आमचे शिंदे सर साताऱ्याचे, शिकवायची भारी हौस. त्यांनी केबिनचं दार जरासं लोटलं. फटीतून उन्हाची तिरीप आली आणि तिच्यात धूळ नाचायला लागली. "हे जे चमकतंय ना, तेच आम्ही मोजतो."

वॉचमन बराच वेळ बघत राहिला. मग त्याने खिशातून रुमाल काढून तोंडाला बांधला. संध्याकाळी आम्ही निघालो तरी रुमाल तसाच.

* * *

भारती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. सातपाटीची. तिला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, "कामाला जातेस तिथे काय करतेस?"

"हवेतल्या धुळीचा आकार बघते."

बाई खूश झाल्या. "म्हणजे झाडलोट चांगली करशील."

भारतीने त्या स्थळाला नकार दिला. चहाचे कप मात्र विसळून ठेवले.

* * *

दांडी गावच्या किनाऱ्यावर भारतीची मावशी बोंबील सुकवते. बाजारात गिऱ्हाइकं म्हणायला लागली की मासळीवर कंपनीची पावडर बसते. मावशीचा धंदा बसायची वेळ आली, म्हणून आम्ही मशीन घेऊन गेलो.

सकाळी सगळे कण गोल. समुद्राचे तुषार. ऊन तापलं तसे कोपरेवाले कण दिसू लागले आणि ही कंपनीची पावडरच, असं वाटून आमचे चेहरे उतरले. सरांनी नमुना लॅबमध्ये आणून तपासला, तर मीठच. ओलं असताना गोल, सुकलं की चौकोनी.

मावशीला सांगितलं तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास सोडला. मग म्हणाली, "पण गिऱ्हाइकाला काय सांगू? चौकोनी हाय म्हणून?"

* * *

काशिनाथ सफाळ्याहून इथल्या एका कंपनीत कामाला येतो. ग्लासवूल कापायच्या खात्यात. त्याचा खोकला जात नव्हता. बिडी सोडली तरी नाही. बायकोला वाटायचं, चोरून ओढतो. घरी आला की ती शर्टाचा वास घ्यायची, खिसे उलटे करायची.

त्याच्या खात्यात मशीन लावलं. लांबट कण, नुसते लांबट. सर म्हणाले, "हे धुराचे नाहीत. हे काचेचे तंतू आहेत. छातीचं डॉक्टर बघतील, पण हवेत हेच आहे."

काशिनाथने लगेच फोन लावून सरांच्या हातात दिला. "सायेब, तुमी सांगा तिला. माजं ती ऐकत नाय."

सरांनी सगळं नीट समजावलं. बिडी नाही, खात्यातली हवा आहे, मालकाला लेखी कळवतो आहोत. काशिनाथ शेजारी उभा राहून हसत होता. किती दिवसांनी त्याची बाजू कोणीतरी घेत होतं.

मग पलीकडून बाईने विचारलं. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

"सायेब, मंग उद्या यांना डबा भरून देऊ, का घरीच ठेवू?"